भुवयांवरचे दोन ठिपके

९ जून २००७, शनिवार

थंगम व्याली. आठ पिल्लं! पाच काळी, दोन पिवळी आणि एक असं, की मी बघतच राहिले. अंग काळंभोर, पण डोळ्यांवर भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके. तोंडाच्या दोन्ही बाजू तांबूस, चारही पायांत तांबूस मोजे. शेपटी उचलली तर खालीही तोच रंग. थेट डोबरमनचं पिल्लू.

थंगम पिवळी लॅब्रॅडॉर. एन्नोरहून आणलेला नर ब्रूनो, तो काळा लॅब्रॅडॉर. दोघांच्या अंगावर तांबूस असा एक केस नाही. मग हे आलं कुठून?

तीन वर्षं आम्ही या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतोय, खाली मालकांची कुत्री नांदतायत. पण बाळंतपण इतक्या जवळून आजच पाहिलं. गुरुमूर्ती सतरा वर्षं या कुत्र्यांचं बघतो. एकेक पिल्लू हातात घेऊन पुसत होता, जसं काही नारळ सोलतोय इतक्या सवयीनं. आठवं आलं तेव्हा मात्र त्याचा हात थांबला.

घरमालक अनंतकृष्णकाकांनी ते पिल्लू उचललं, उलटसुलट पाहिलं, खाली ठेवलं. चहाही न घेता आत गेले.

मला मात्र बसवेना. बारावीला दर वर्षी फळ्यावर लॅब्रॅडॉरचंच उदाहरण देते मी! आणि माझ्याच पायऱ्यांखाली उत्तर न येणारं गणित जन्माला आलं.

११ जून, सोमवार

वाईट झालं.

सकाळी डबा भरत होते तर खालून काकांचा आवाज. काकांचं कुटुंब तंजावरकडचं, दोनशे वर्षांपूर्वीचं मराठी बोलतात, एरवी ते ऐकायला मला फार गोड वाटतं. आज नाही.

"मागचें गेट कोण उघडें ठेविलें?"

"गेट बंद होतं, अय्या." गुरुमूर्ती तमिळमध्येच.

"मग हें आकाशांतून पडलें?"

कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या गाडीखाली एक गावठी कुत्रा झोपतो. काळा, आणि भुवयांवर तसेच दोन ठिपके. झालं. सगळ्या गल्लीनं निकाल लावला. एप्रिलमध्ये थंगम माजावर असताना गुरुमूर्तीनं हलगर्जीपणा केला, कुत्रा आत शिरला.

गुरुमूर्ती काकांकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. काका त्याच्याकडे बघत नव्हते. मग त्यानं पुन्हा "गेट बंद होतं" एवढंच म्हटलं आणि आपली पिशवी भरायला गेला. सतरा वर्षं राबलेल्या माणसाची एक पिशवी.

जाताना टोपलीतून ते ठिपक्यांचं पिल्लू उचललं, टॉवेलात गुंडाळलं. मी जिन्यातून खाली धावले. दोन दिवसांचं पिल्लू, आईवेगळं जगेल का?

"घरी शेळी आहे, टीचरम्मा. दर दोन तासांनी पाजीन."

गुम्मिडिपूंडीला भावाकडे जाणार म्हणाला. तिथे कारखान्यांत काम मिळतं.

मी त्रिपुरसुंदरीकाकूंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

१३ जून

शाळेतून आल्यापासून कागदावर चौकटी मांडतेय. माझा बँकवाला नवरा हेरंब म्हणाला, "बँकेतही इतके तक्ते नसतात."

पुस्तकात दोन जीन. बी ठरवतो की गडद रंग काळा की चॉकलेटी. ई ठरवतो की तो गडद रंग केसांत उतरणार की नाही. ईच्या दोन्ही प्रती मोडक्या असल्या की बी काहीही म्हणो, कुत्रं पिवळंच. एक जीन दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवतो. मुलांना हे सांगताना मला दर वर्षी नव्यानं मजा येते.

पण दोन्ही जीन कसेही फिरवले तरी काळा, चॉकलेटी, पिवळा. तीनच रंग. ठिपके कुठल्याच चौकटीत येत नाहीत.

१४ जून

पुन्हा मांडलं. येत नाहीत.

२९ जुलै

काळी आणि पिवळी, सातही पिल्लं गिऱ्हाइकांकडे गेली. थंगम दोन दिवस मागच्या गेटपाशी बसून आहे. काकू म्हणतात, "अस्की पिल्लें गेलीं म्हणून." अस्की म्हणजे सगळी. मला वाटतं ती गुरुमूर्तीची वाट बघतेय.

१९ ऑगस्ट

कुत्र्यांसाठी आलेला तिसरा माणूसही गेला. काका स्वतः थंगमला फिरवतात. वाकून चालतात आता.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज पेपरच्या विज्ञानाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात चार इंच बातमी. कुत्र्यांमध्ये काळ्या रंगाचा एक वेगळाच जीन सापडला! अमेरिकेत. आजवर माहीत असलेल्या रंगांच्या जीनांपेक्षा निराळा. तो प्रत्यक्षात रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातला, आणि कुत्र्यात मात्र केस काळे करतो. नाव के.

स्टाफरूममध्ये हातात पेपर घेऊन उभीच राहिले. विजयालक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "काय, बदली झाली की काय?"

तिसरा जीन! माझ्या चौकटींना एक बाजूच कमी होती!

३ नोव्हेंबर, शनिवार

तीन तास ब्राउझिंग सेंटरमध्ये. शेजारच्या खुर्च्यांवर पोरं गेम खेळतायत आणि मी कुत्र्यांच्या शेपट्या बघतेय. बाविसावा कागद छापायला दिला तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, केनेल काढताय?"

अमेरिकेतल्या लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांच्या एका पानावर फोटो मिळाले. अस्सल लॅब्रॅडॉर, आईबाप दोन्ही कागदपत्रांसह, आणि पिल्लू आमच्याच पिल्लासारखं. हुबेहूब! भुवयांवर दोन ठिपके. फार क्वचित होतं, पण होतं. लोक लपवतात म्हणून कळत नाही, असंही कुणीतरी लिहिलंय.

खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं.

४ नोव्हेंबर, रविवार

हेरंबला जेवणाच्या टेबलावर समजावलं. इथे नीट लिहून ठेवते, काकांना सांगताना अडखळायला नको.

ए हा आणखी एक जीन, आधीपासून माहीत असलेला, तो नक्षी काढतो. बहुतेक लॅब्रॅडॉरांत ती नक्षी म्हणजे वर काळं, आणि भुवया, तोंड, पाय, शेपटीखाली तांबूस. त्यांच्या अंगी ती आहे, पण दिसत नाही. कारण के हा त्या नक्षीवर टाकलेली काळी चादर. चादरीची एक प्रत असली तरी सगळं झाकतं. म्हणून काळा लॅब्रॅडॉर संपूर्ण काळा.

आणि ई? त्याच्या दोन्ही प्रती मोडक्या असल्या तर काळा रंग केसांत उतरतच नाही. मग ना चादर दिसणार, ना नक्षी. सगळं पिवळं. थंगमच्या पिवळ्याखाली चादर आहे की नाही, हे नुसतं बघून कुणीही सांगू शकत नाही.

ब्रूनो काळा. पण समजा त्याच्याकडे चादरीची एकच प्रत आहे. थंगमकडेही एक, किंवा एकही नाही. मग एखाद्या पिल्लाला दोघांकडून बिनचादरीची प्रत आली, आणि बापाकडून धड, न मोडलेला ई आला, की झालं. नक्षी उघडी!

कोणताही कुत्रा गेटातून यायची गरज नाही.

हेरंबनं आमटीत भात कालवता कालवता विचारलं, "म्हणजे पिवळ्या कुत्र्याच्या आत काय आहे, ते कुत्र्याला पण ठाऊक नाही?"

"नाही."

"आणि गुरुमूर्तीनं हे कसं सांगायचं होतं?"

मी पानावरून उठलेच. हात धुतले आणि सगळे कागद पुन्हा काढले.

६ नोव्हेंबर

काकांना सांगितलं. बावीसही कागद टीपॉयवर पसरले. मला वाटलं होतं कंटाळतील. उलट एकेक शब्द ऐकत होते. आणि प्रश्न किती नेमका!

"म्हणजे चादर दोहों बाजूंनीं सरकली पाहिजे?"

"हो काका. ब्रूनोकडूनही, थंगमकडूनही."

"म्हणजे आमच्या घराण्यांत पण हें आहे म्हणतां."

"असणारच."

काका उठले. म्हणाले, पंचवीस वर्षें कुत्रीं पाळलीं, आमच्याकडें असें कधीं झालें नाहीं. पुस्तकांत अस्कें होतें. मग झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळी घातलेलं मी पाहिलं होतं.

घरमालकाशी वाद घालू नये म्हणतात. घातला नाही. पण हरलेही नाही.

८ नोव्हेंबर, दिवाळी

इथली दिवाळी पहाटेच उरकते. काकूंनी डबा वर पाठवला, कागदांबद्दल कुणी काही बोललं नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

एन्नोरला जाऊन आले. ब्रूनोचे मालक कृष्णकांत, वीज केंद्रात इंजिनिअर, क्वार्टर्समध्ये राहतात. व्हरांड्याच्या कठड्यावर राखेचा थर, बोट फिरवलं की रेघ उमटते. त्यात हा ब्रूनो काळा, चकचकीत, रोज पुसत असणार.

मी विचारलं, याच्या दुसऱ्या कुठल्या पिल्लांत असे ठिपके निघाले होते का?

ते चिडले. हिंदीतून म्हणाले, "मॅडम, चाळीसच्या वर पिल्लं आहेत याची. एकाच्या अंगावर डाग नाही. तुमच्या शेजाऱ्याचं गेट उघडं होतं आणि नाव माझ्या कुत्र्याचं."

मी म्हटलं, बिनचादरीची प्रत बाळगणाऱ्या मादीशी गाठ पडल्याशिवाय ते दिसणारच नाही. चाळीस काय, शंभर पिल्लं झाली तरी.

"मग पुन्हा करून बघा! तीच मादी, हाच कुत्रा. यावेळी कुलूप तुमचं. दूध का दूध होईल."

ते मला गप्प करायला म्हणाले. पण परतताना गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, हाच प्रयोग! याहून शुद्ध प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत होणार? थंगम डिसेंबरात पुन्हा माजावर येईल. साडेचार वर्षांची, धडधाकट आहे.

फक्त काका.

२५ नोव्हेंबर, रविवार

काका वर आले. तीन वर्षांत जिना चढून आलेले मी पाहिले नव्हते. दारातच उभे.

"करा परीक्षा. थंगम तुमच्याकडें राहूं दे. चावी पण तुमच्याकडें."

एवढं बोलून उतरले. मी आठवडाभर समजूत घालायची वाक्यं जुळवत होते, एकही लागलं नाही!

५ डिसेंबर, बुधवार

थंगम आजपासून आमच्याकडे. माज सुरू झाला. तीन आठवडे खाली उतरवायची नाही. शी-शू गच्चीवर, साखळी माझ्या हातात. गच्चीच्या दाराला कुलूप, जिन्याच्या जाळीला कुलूप, चाव्या माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी. मांजरसुद्धा येऊ शकत नाही.

हेरंबच्या अटी: कॉटवर नाही, देवघरात नाही, सोफ्यावर नाही.

९ डिसेंबर

सोफ्यावर आहे. हेरंबनं स्वतः चादर टाकून दिली.

इस्त्रीवाल्याच्या गाडीखालचा तो गावठी कुत्रा दिवसभर खाली गेटसमोर बसून वर बघतो. मी गच्चीवरून त्याला म्हटलं, या खेपेला तू साक्षीदार, आरोपी नाहीस.

१६ डिसेंबर, रविवार

कृष्णकांत ब्रूनोला घेऊन आले. गच्चीवर दोघांना भेटवलं. मी, हेरंब, काका, कृष्णकांत असे चौघे पाठ करून उभे, कुणाला कुठे बघावं कळेना. कृष्णकांतनी जाताना माझं गच्चीचं कुलूप ओढून पाहिलं. "ठीक आहे. हे मजबूत आहे."

१८ डिसेंबर

ब्रूनो पुन्हा आला. आज पासष्ट दिवसांचं कॅलेंडर केलं, फ्रिजवर लावलं.

१५ जानेवारी २००८, पोंगल

थंगमचं पोट भरू लागलंय. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, आत पिल्लं आहेत. खाली काकूंच्या अंगणात पोंगलचा दूधभात ऊतू गेला, सगळे "पोंगलो पोंगल" ओरडले, आणि मी वरून तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. इतका आनंद मला पीएच.डी. सोडल्यानंतर विज्ञानात झालाच नव्हता. लग्न, बदल्या, मुलीचं, ऊर्मीचं शिक्षण, मी फक्त शिकवत राहिले. शोधायचं विसरले होते.

२७ जानेवारी, रविवार

आज शक्यतांचं गणित मांडलं. आधीच मांडायला हवं होतं.

जूनमध्ये दोन पिवळी झाली, म्हणजे ब्रूनोकडे ईची एक मोडकी प्रत नक्की आहे. निम्मी पिल्लं पिवळी होतील, त्यांच्यात काय आहे ते दिसणारच नाही. उरलेल्यांत थंगमकडे एक चादर असेल तर एकूण आठात एकच पिल्लू ठिपक्यांचं. सरासरीनं! म्हणजे आठ पिल्लं होऊनही एकही न निघण्याची शक्यता तिनात एक. थंगमकडे चादर नसेलच तर बरं, मग दहात एक.

आणि न निघालं तर? मी कितीही सांगितलं की यावरून काही सिद्ध होत नाही, तरी गल्ली ऐकणार नाही. कृष्णकांत ऐकणार नाहीत. कुलूप लावलं तेव्हा नाही झालं, म्हणजे तेव्हा गेट उघडंच होतं. गुरुमूर्तीवर आजवर फक्त संशय होता. मी त्यावर शिक्का मारीन, तोही विज्ञानाचा.

हेरंबला सांगितलं. म्हणाला, "आता पोटातलं बदलता येतंय का?" नाही. "मग झोप."

११ फेब्रुवारी

प्लस टूच्या, म्हणजे बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. एका मुलीनं तोंडी परीक्षेत लॅब्रॅडॉरचं उदाहरण अचूक सांगितलं, तीन रंग. मी तिला पूर्ण मार्क दिले आणि मनात म्हटलं, थांब आठवडाभर, कदाचित चार होतील.

१७ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमानं लिहिणार.

सकाळी नऊला थंगम बाथरूमच्या कोपऱ्यात माती उकरल्यासारखं करू लागली. खाली हाक मारली. काकू जुनी धोतरं घेऊन आल्या, काका दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, आत यायला तयार नाहीत.

१०.४० पहिलं. काळं.
११.०५ पिवळं.
११.२० पिवळं.
११.५५ काळं. ओल्या पिल्लाच्या भुवया मी बोटानं पुसून पुसून पाहिल्या. काही नाही.
१२.३० पिवळं.
१२.५० काळं.

सहा. मग एकदम शांत. एक वाजला, दीड वाजला. थंगम पिल्लं चाटतेय, पोट सैल वाटतंय. काकू म्हणाल्या, "झालें वाटतें." बाहेर काकांची खुर्ची करकरली. हेरंबनं माझ्यापुढे ताकाचा पेला धरला, मी तो बाजूला ठेवून दिला. गुरुमूर्ती टॉवेल छातीशी धरून गेटातून बाहेर पडला होता, तेच डोळ्यांपुढे.

दोन वाजून दहा मिनिटांनी थंगम उठली, एकदा गोल फिरली आणि बसली. सातवं.

पिशवी काकूंनी फाडली. काळं. मी धोतराच्या टोकानं डोकं पुसलं.

दोन ठिपके.

पुन्हा पुसलं. दोन ठिपके! पाय उलटे केले, तांबूस. शेपटी उचलली, तांबूस! मी ओरडले की रडले, हेरंबला विचारायला हवं. तो म्हणतो दोन्ही. थंगमनं माझा हात ढकलून पिल्लू चाटायला घेतलं, जणू म्हणत होती, इतकं काय त्यात.

पिल्लू घेऊन बाहेर गेले. काकांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं नाही. नुसतं धरून बसले. मग डोळे मिटले आणि म्हणाले, "बरें झालें. बरें झालें, विद्युलताबाई."

१८ फेब्रुवारी

कृष्णकांत कामावरून सरळ आले. पिल्लू पाहिलं. कुलूप पाहिलं. पुन्हा पिल्लू. मग व्हरांड्यात बसून हसायला लागले. "चाळीस पिल्लं, मॅडम. चाळीस वेळा लपून बसला हा." जाताना मला म्हणाले, "त्या माणसाला माझ्याकडूनही सॉरी सांगा."

या पिल्लाचं काय, असं विचारायची वेळच आली नाही. हेरंबनं त्याचं नाव ठेवलंय. ठिपका.

२४ फेब्रुवारी, रविवार

काका आणि मी गुम्मिडिपूंडीला गेलो. काकांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होते. स्टेशनवरून रिक्षानं, मोठमोठ्या कारखान्यांच्या भिंती ओलांडून, एका वस्तीत.

गुरुमूर्ती रात्रपाळी करून आला होता, ओट्यावर बसलेला. आणि त्याच्या पायाशी तो! आठ महिन्यांचा, चांगला धिप्पाड, लॅब्रॅडॉरचंच रुंद डोकं, लॅब्रॅडॉरचीच जाड शेपटी, आणि भुवयांवर दोन ठिपके. नाव मणी. शेळीच्या दुधावर वाढलेला. मी त्याच्यापुढे मांडी घालून बसले आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. उतरलेलं गणित जिवंत, शेपटी हलवत!

मी गुरुमूर्तीला माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. चादर, नक्षी, कुलूप, सातवं पिल्लू. त्यानं शांतपणे ऐकलं. खरंतर इतका शांत की मला वाटलं, कळलं नाही. पुन्हा सांगितलं.

"समजलं, टीचरम्मा. गेट बंद होतं."

काका पुढे झाले. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. तमिळमध्ये म्हणाले, चूक माझी, घरी चल.

गुरुमूर्तीनं हात सोडवले नाहीत. म्हणाला, "साप्टींगळा अय्या?" जेवलात का? बायकोला पानं मांडायला सांगितली.

महिना संपला की येतो म्हणाला. मणीला घेऊन.

येताना गाडीत काका पुन्हा खिडकीबाहेर बघत होते. मी माझ्याच आनंदात होते. शाळेत एक चार्ट लावायचा ठरवलाय. ए, के आणि ई, तीन जीनांचा.

१ मार्च, शनिवार

गुरुमूर्ती आला. थंगम त्याच्यावर अशी धावली की दोघं पडले.

२ मार्च, रविवार

दुपारी काकूंबरोबर शेंगा सोलत बसले होते. मी सहज म्हटलं, आता असं पिल्लू पुन्हा झालं तरी कुणाला नवल वाटणार नाही.

काकू खाली बघूनच म्हणाल्या, "बारा वर्षांमागें थंगमच्या आजीस असेंच एक झालेलें. दोन ठिपके, पाय, अस्कें असेंच. नांव खराब होईल म्हणून यांनीं त्याच दिवशीं संपविलें. परसांत पुरलें. कोणास बोलूं नको म्हणाले."

मी विचारलं, गुरुमूर्तीला माहीत होतं?

"खड्डा त्यानेंच खणिला."